पिस्टनची जबानी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा काही तासांच्या अवधीत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, आंब्या-फणसाचे जुने वृक्ष मुळांसकट उन्मळून घरांवर आणि रस्त्यांवर आडवे पडले, आणि कुऱ्हाडीने ज्या कामास महिने लागले असते ते काम आठवड्यांत उरकण्याची निकड उत्पन्न झाल्यामुळे, माझ्या ओळखीच्या ज्या वाड्यांत तोवर पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत क्वचितच दृष्टीस पडे तेथेही ती येऊन दाखल झाली. साखळी-करवत हे नाव पुस्तकी. ती चालवणारे तिला ‘कटर’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. त्या धामधुमीत दिवसचे दिवस अविश्रांत चाललेली, घाईघाईने मिसळलेले इंधन पोटात घेऊन तापलेली, आणि पुढे ‘जाम झाली’ म्हणून पडवीच्या कोपऱ्यात टाकून दिलेली अशी यंत्रे आजही कोकणात पुष्कळ आढळतील. त्यांपैकी एक गतवर्षी माझ्याकडे आले. ते घरच्या घरी उकलून पुन्हा चालते करताना जे शिकलो ते, ज्यांच्या घरी असे एखादे यंत्र पडून असेल त्यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने येथे सांगतो.

यंत्र मोठे होते. सिलिंडरचा व्यास ५२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ३४ मिलिमीटर, म्हणजे क्षमता सुमारे ७२ घनसेंटिमीटर. जाडजूड फणसाच्या खोडासही पुरून उरेल असे. स्टार्टरची दोरी ओढली तर ती दगडात रुतल्यासारखी जागच्या जागी अडत होती. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता. पैसे घेण्यापूर्वी तो म्हणाला, “गुरुजी, खोटं कशाला सांगू? गेल्या वर्षीच नवा ब्लॉक-पिस्टन टाकला होता, तरी परत जाम झाली.” त्या एका वाक्यात या यंत्राची सारी कैफियत सामावलेली होती, आणि ज्याने पहिल्या खेपेस दुरुस्ती केली त्याने तिकडे लक्ष पुरवले नव्हते. नवा पिस्टन वर्षभरात निकामी होतो तेव्हा पिस्टन हा रोग नसतो. रोग दुसरीकडे असतो आणि पिस्टन त्याचा बळी ठरतो. हे एक तत्त्व मनावर ठसले म्हणजे पुढील सर्व काम सोपे होते, आणि ते निसटले तर उत्तमातला उत्तम सुटा भाग घालूनही केलेला खर्च व्यर्थ जातो.

याचे कारण समजण्यासाठी दोन धावांच्या इंजिनाची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. चेतक स्कूटर किंवा राजदूत मोटारसायकल चालवलेल्या पिढीस ती सर्वस्वी अपरिचित नाही. पेट्रोल पंपावर गेल्यावर टाकीत पेट्रोलाबरोबर मापाने ‘टू-टी’ तेल ओतले जाई, हे दृश्य पुष्कळांच्या स्मरणात असेल. मोटारीच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते आणि तेथून तेल सर्वत्र खेळवले जाते. या लहान इंजिनात तसले भांडे नाही. क्रँक ज्या पेटीत फिरतो ती पेटीच येथे पंपाचे काम करते: पिस्टन वर जातो तेव्हा पेटीत विरळ पोकळी निर्माण होऊन कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण आत ओढले जाते, पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी वर सिलिंडरमध्ये चढते. जाता जाता त्यातील तेल बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागते. या योजनेचे श्रेय इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांच्याकडे जाते. १८९० च्या आगेमागे त्यांनी पेटीतच मिश्रण दाबण्याची युक्ती काढली, आणि त्यांच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक यांनी पिस्टनच्या कडेकडूनच मार्गांची उघडझाप करवून घेऊन झडपांची गरज संपवली. पुढे १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत आन्द्रेआस श्टील आणि एमिल लेर्प यांनी करवतीस इंजिन जोडले, तेव्हा ती यंत्रे दोघा माणसांनी मिळून उचलावी लागत. कार्बोरेटरमध्ये तरंगत्या गोळ्याच्या जागी पातळ पडदा आला, त्यानंतरच हे यंत्र आडवे, उभे, किंबहुना उलटे धरूनही चालवता येऊ लागले. रचनेतील ही साधी युक्ती आजही तशीच आहे, आणि तिचे सामर्थ्य व तिची दुर्बलता दोन्ही त्या पेटीत आहेत.

पेटी हाच पंप असल्यामुळे ती हवाबंद असणे अत्यावश्यक आहे. कोठे एखादी सुईच्या अग्राएवढी फट पडली की तेथून फाजील हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलाचे प्रमाण घटते, पेट्रोल घटले म्हणजे त्याबरोबर येणारे तेलही घटते, आणि ज्या क्षणी इंजिन अधिक तापून अधिक वेगाने फिरू लागते नेमक्या त्याच क्षणी त्याचे वंगण कमी होते. भरवेगात हा पिस्टन सेकंदास दोनशेहून अधिक वेळा वरखाली करतो. अशा स्थितीत ॲल्युमिनियमचा पिस्टन प्रसरण पावून भिंतीस घासतो, त्याचा धातू भिंतीवर माखला जातो, आणि यंत्र जागच्या जागी थांबते.

म्हणून जुन्या यंत्राची तपासणी सायलेन्सरपासून आरंभावी. दोन-तीन बोल्ट काढले की सायलेन्सर हाती येतो आणि धूर बाहेर पडण्याच्या दारातून पिस्टनची एक बाजू थेट दिसते. दोरी हळूहळू ओढत, विजेरीचा उजेड आत टाकत, पिस्टन खालपासून वरपर्यंत पाहावा. निरोगी पिस्टनच्या अंगावर कारखान्यात कातताना उमटलेल्या अतिसूक्ष्म आडव्या रेषा कायम असतात. केसाहून बारीक, एकमेकींस समांतर, नव्या तांब्याच्या भांड्यावर दिसतात तशा. त्या रेषा शाबूत असतील तर यंत्र फार चाललेले असो वा नसो, अंतर्यामी ते धड आहे. त्यांच्या जागी उभे ओरखडे आणि राखाडी, ओढलेला धातू दिसला तर ती पिस्टनची जबानी होय, आणि ती वाचता आली पाहिजे. ओरखडे सभोवार सारखे असतील तर टाकीत तेल न घालता नुसते पेट्रोल ओतले गेले असे बहुधा समजावे. केवळ कार्बोरेटरच्या बाजूस झीज असेल आणि पृष्ठभाग मंद, मळकट दिसत असेल तर फाटक्या किंवा सैल बसवलेल्या एअर फिल्टरमधून लाकडाचा भुसा आत गेलेला असतो. धूर निघण्याच्या बाजूसच ओरखडे असतील आणि मागची बाजू स्वच्छ असेल, तर तेल होते पण मिश्रण विरळ झाले, असा तिचा अर्थ. कारण सर्वाधिक उष्णता त्याच बाजूस असते.

माझ्या यंत्रातील पिस्टनची जबानी या तिसऱ्या प्रकारची होती. मिश्रण विरळ होण्यास कारणे पुष्कळ असू शकतात: टाकीतील इंधनाचा फिल्टर चोंदलेला, पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तडकलेली, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारी रबरी वाहिनी फाटलेली, सिलिंडरखालचे पॅकिंग फुटलेले, किंवा क्रँकच्या दोन टोकांवरील ऑइल सील झिजलेले. यांतील खरे कोणते हे अनुमानाने ठरवू नये. त्यास पुरावा लागतो आणि पुरावा मिळवण्याचे साधन घरात सापडते. रक्तदाब मोजण्याच्या एका जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा मी घेतला. जुन्या स्पार्क प्लगमधील चिनी मातीचा गाभा काढून त्यात नळी बसवली. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून तो रस्ता बंद केला, कार्बोरेटर काढून त्याचाही मार्ग तसाच मिटवला, आणि सारे मार्ग पेटीशी जोडलेले राहतील अशा रीतीने पिस्टन खाली ठेवून काटा २५० वर जाईपर्यंत हवा भरली. हा दाब म्हणजे जेमतेम ५ पौंड. याहून फार अधिक देण्याची गरज नाही, कारण त्याने धड सीलही जागचे उठते. काटा स्थिर राहावयास हवा होता. तो संथपणे उतरू लागला. मग साबणाचे पाणी आणि लहान कुंचला घेऊन प्रत्येक सांध्यास लावत गेलो. सिलिंडरखाली काही नाही, रबरी वाहिनीवर काही नाही. शेवटी स्टार्टरच्या बाजूचे फ्लायव्हील काढून त्यामागील सीलच्या ओठावर पाणी सोडले, तोच तेथे मोहरीएवढा एक बुडबुडा उमटला, वाटाण्याएवढा होऊन फुटला, आणि त्याच जागी दुसरा वर आला. पहिला पिस्टन ज्याने मारला आणि दुसराही ज्याने मारला तो हा बुडबुडा होता. नवा ब्लॉक-पिस्टन टाकताना क्रँकची पेटी तपासली गेली असती तर बाजारात अत्यल्प किमतीस मिळणाऱ्या त्या रबरी कड्याने वर्षभराचे नुकसान वाचवले असते.

दाबाची परीक्षा झाल्यावर पोकळीचीही घ्यावी, कारण सीलचा ओठ आतून दाब आला की दांड्यास घट्ट बसतो आणि बाहेरून हवा ओढली गेली की सुटतो, असेही घडते. मोठी सिरिंज आणि चिमट्याने दाबता येईल अशी नळी यावर ते काम भागते.

उकलण्याच्या कामाचा सर्व तपशील येथे देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक यंत्राची ठेवण निराळी. परंतु चार गोष्टी सर्वत्र लागू पडतात. पहिला हात लावण्यापूर्वी टाकी रिकामी करून यंत्र रॉकेल आणि ब्रश यांनी बाहेरून लख्ख धुवावे, नाहीतर कवच उघडताच वर्षांचा भुसा पेटीत पडतो. क्लच ज्या पेचावर बसतो तो बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर लावला तर तो अधिकच आवळतो. क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालण्याची जी रीत काही जण अवलंबतात ती घातक असून, तेथे गाठ मारलेली सुती दोरी आत सारणे हाच निर्धोक मार्ग होय. आणि फ्लायव्हील कधीही टोच्याने उचकटू नये. जुने सील काढताना माझा श्वास अडखळला होता, हे सांगावयास हरकत नाही, कारण त्याच्या पत्र्यात आरीने भोक पाडून स्क्रूने ते ओढून काढताना दांड्यावर एक ओरखडा उमटता तरी नवे सीलही गळले असते.

आता सिलिंडरकडे वळू. चेतक किंवा राजदूतचा सिलिंडर बिडाच्या धातूचा. तो झिजला की मेकॅनिक ‘बोअरिंग’ करून तो किंचित मोठा करीत आणि त्या मापाचा पिस्टन घालीत. करवतीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर क्रोमियमचा अथवा निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण गुंफलेला अतिशय कठीण असा पातळ थर असतो. तो मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच जाड. त्यामुळे येथे बोअरिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु याच कठीणपणात सुटकेचीही वाट आहे: जाम झालेल्या यंत्रात भिंतीवर जो ओबडधोबड धातू दिसतो तो बहुधा भिंतीचा नसून पिस्टनचा असतो, आणि तो उतरवला म्हणजे खालचा थर पुष्कळदा जसाच्या तसा निघतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम मिठाच्या तेजाबात विरघळते आणि त्याखालील निकेलचा कठीण थर सहसा टिकतो, क्रोमियमचा मात्र टिकेलच असे नाही. कापूस गुंडाळलेल्या काडीने थेंब थेंब तेजाब केवळ माखलेल्या जागेवर लावावे. फेस येतो, काळपट पाणी ओघळते, ते पुसावे, पुन्हा लावावे, आणि फेस थांबला की आपणही थांबावे. मार्गांच्या कडांशी जेथे उघडे ॲल्युमिनियम आहे तेथे थेंबही जाता कामा नये. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवून तत्काळ तेलाचा हात द्यावा. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. तेजाबाची वाफ फुप्फुसांस अपायकारक आहे आणि घरातील इतर लोखंडी हत्यारेही तिने रात्रीत गंजतात. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी तेजाबाऐवजी बारीक पॉलिश पेपर आणि चिकाटी यांवर भिस्त ठेवावी. वेळ अधिक लागतो, पण साधते.

धुतल्यावर भिंतीवरून नख फिरवावे. नख कोठे अडकले, किंवा थराचा पोपडा उडून खालचा मऊ धातू दिसला, तर तो सिलिंडर बाद समजावा. माझ्याकडील निर्वेध निघाला. येथे एक मत नोंदवतो. बाजारात स्वस्त दराने मिळणारा जोड-संच घेण्यापेक्षा, मूळ सिलिंडर वाचत असेल तर तो राखून त्यात चांगल्या प्रतीचा पिस्टन आणि रिंग घालणे मला श्रेयस्कर वाटते. स्वस्त सिलिंडरांत मार्गांच्या कडा पुष्कळदा धारदार राहिलेल्या असतात आणि रिंग त्यांवर अडकून तुटते.

जोडणी करताना पिस्टनच्या माथ्यावरील बाण धूर निघण्याच्या दिशेस असावा. रिंगेची दोन टोके पिस्टनमधील लहान खुंटीच्या दोहो अंगांस बसली पाहिजेत. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेस अडवणारी तारेची लॉके जुनी कधीही वापरू नयेत. ती बसवण्यापूर्वी पेटीच्या तोंडात स्वच्छ फडके खोचावे, कारण ते लॉक चिमट्यातून उडून आत पडले तर सारी पेटी दुभंगावी लागते. आणि त्याचे उघडे तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवावे, आडवे ठेवल्यास पिस्टनच्या वेगाच्या धक्क्यांनी ते मिटून सुटण्याचा संभव असतो. सर्व भागांस टू-टी तेल चोळून, रिंग बोटांनी दाबून, सिलिंडर सरळ खाली उतरवावा. तो पिळू नये. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. कॉइल आणि फ्लायव्हीलचे चुंबक यांतील फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी ठेवली म्हणजे पुरते. आणि मग पुन्हा तो रबरी फुगा, पुन्हा तो काटा. या वेळी काटा जागचा हलला नाही.

इंधनाच्या बाबतीत पूर्वीचा शिरस्ता आता पुरेसा नाही. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून अमलात येत गेले, आणि अशा लहान यंत्रांच्या कित्येक उत्पादकांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे बिघडवते, आणि स्वतः प्राणवायू बाळगत असल्यामुळे मिश्रण आणखी थोडे विरळ करते. कोकणातल्या पावसाळी हवेत मिसळलेले इंधन महिनाभर डब्यात ठेवणे म्हणजे पुढील बिघाडाची तजवीज करणे होय. जेवढे दोन दिवसांत लागेल तेवढेच मिसळावे, काम संपल्यावर टाकी ओतून टाकावी, आणि कार्बोरेटरमधील उरलेले इंधन संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. तेल बाटलीच्या टोपणाने अंदाजे न घालता मापाने घालावे: ५० भागांस १ भाग म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, तेल साध्या प्रतीचे असेल तर लिटरला ४०. कोणते प्रमाण हे पुस्तिकेत पाहावे.

कार्बोरेटरवर ‘एल’ आणि ‘एच’ असे दोन स्क्रू असतात. पहिला मंद गतीचा, दुसरा भरवेगाचा. भरवेगात, लाकडाला न लावता, इंजिनाचा सूर किंचित फाटलेला, घोगरा यावा आणि साखळी लाकडात शिरताच तो साफ व्हावा. तो घोगरेपणा म्हणजे थोडे अधिक पेट्रोल, आणि ते अधिक पेट्रोल हेच पिस्टनचे संरक्षण. कानाला गोड लागणारा तीक्ष्ण, चढा सूर ऐकून समाधान मानणारे पुष्कळ असतात. असल्या सुरात चाललेली यंत्रेच पुढे पडवीत येऊन पडतात.

यंत्र नीट झाले म्हणजे झाड तोडण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने झाडे तोडण्यावर नियंत्रण आहे आणि त्यास परवानगी लागते. माझे यंत्र आजवर पडलेल्या आणि वाळलेल्या झाडांवरच चालले आहे. तसेच साखळीचा ब्रेक, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत जाड बूट यांची तजवीज झाल्यावाचून दोरीस हात लावू नये. टोकाने लाकडाला स्पर्श होताच ही करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते, आणि त्या वेळी विचारास अवधी नसतो.

पहिले काही दिवस भरवेगात मोकळे न चालवता, मध्यम जाडीच्या लाकडावर थांबत-थांबत काम केले. दहा टाक्या इंधन संपल्यावर एका सकाळी सायलेन्सर पुन्हा उतरवला आणि दोरी हळूहळू ओढत विजेरीच्या उजेडात पिस्टन पाहिला. खालपासून वरपर्यंत, धूर निघण्याच्या बाजूसही, त्या बारीक आडव्या रेषा जशाच्या तशा होत्या.